झाडाखाली तीन पानं

सांगते ऐका, परवा वाचनालयातले सर मला हसले. मी परत तसलीच कादंबरी घेतली होती, गावाकडच्या प्रेमाची, शेवट गोड असलेली.

म्हणाले, “बाई, तुम्ही मैंदर्गीच्या. गाव असं असतं का?”

म्हटलं, “नसतंय की सर. ह्यातली पोरगी शेळ्या सोडते आन् झाडाखाली त्याच्याशी तीन पानं बोलत बसते. एक बी शेळी कुणाच्या ज्वारीत शिरत न्हाय. मी लग्न होईस्तोवर शेळ्याच राखल्या. तीन मिनिटं कधी बूड टेकलं न्हाय.”

“मग हे सगळं खोटं आहे हे ठाऊक असून वाचता?”

“व्हय. निदान हितं तरी मला झाडाखाली बसाया मिळतंय. मारा शिक्का.”