एक दात पडलेला लॅपटॉप

(आटपाडीच्या हसीना शेख यांनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत)

आमी मूळचे आटपाडीचेच, बाजारातले. आब्बा शेळ्यांचा यापार करायचे, त्यांचे वडीलबी त्येच, घरात छापील कागद म्हंजे रेशनकार्ड, बस, पन आब्बांनी मला शिकवलं, लय बोलली लोकं, पोरीला कशाला, तरी शिकवलं. बारावी झाले, टायपिंग झालं, मग सांगलीत खालाकडं, म्हंजे मावशीकडं राहून कॉम्प्युटर शिकले आनि जिथं शिकले त्याच क्लासात शिकवायला लागले. त्या क्लासाच्या मालकाचं नाव मी घेत न्हाई, तोंड कडू हुतंय माझं. सर म्हनते, कारन तवा समदी सरच म्हनायची.

आता युनिक्स म्हंजे काय, तर मशीन चालवायची एक यवस्था, जशी विंडोज असती तशी, पन हितं चित्रं न्हाईत, हुकूम टायपून द्यायचा आनि मशीननं तो ऐकायचा. मला ती लय आवडली. सरांकडं एकाच मशीनवर हुती, तिचा पासवर्ड त्यांच्याकडं, पन शिकवायचे मी. तीन वर्सं शिकवलं. पोरांना इंग्रजी जड जायचं म्हनून मी हातानं नोट्स लिवल्या, दोनशे पानं, एक एक हुकूम फोडून सांगितला. आनि एक दिवस बघते तर काय, त्याच नोट्सचं पुस्तक छापून आलंय, वर नाव सरांचं. आत हसीनाचा ह बी न्हाई.

मी इचारायला गेले. भांडायला न्हाई, नुसतं इचारायला, सर, माझं नाव राहिलं का. तर म्हनले, मशीन माझं, युनिक्स माझं, तुझं काय हाय? आनि समद्या पोरांदेखत म्हनले, शेळ्यावाल्याच्या पोरीनं शेळ्याच राखाव्या. काय सांगू तुमाला, मारलं असतं तर इसरले असते. त्या दिवशी एसटीत बसले ती विट्यापर्यंत रडले, आनि विट्याच्या पुढं रडनं थांबलं, तवा ठरवलं, ह्या मानसाला मी उताना पाडनार, आनि त्येच्याच इद्येनं पाडनार.

फलटणच्या एका कॉलेजात युनिक्स शिकवायला मानूस पायजे हुता. ज्यांना शिकवायचंय त्यांनी आपलं मशीन घेऊन यावं, तासभर शिकवून दाखवावं, असं प्राचार्यांनी कळवलं हुतं. सर जानार हे तर ठरल्यालंच. मीबी अर्ज टाकला. आता मशीन कुठनं आनायचं आनि युनिक्स कुठनं आनायची, ती तर इकत घ्यायची म्हंजे आमचं घरदार गेलं असतं. पन सांगलीच्या स्टँडवर कॉम्प्युटरचं एक मासिक मिळालं, त्येच्याबरोबर एक सीडी हुती, लिनक्सची. हुबेहूब युनिक्ससारखी, आनि फुकट. कुनालाबी द्या, कितीबी मशीनवर टाका, कोन अडवत न्हाई. वाचून माझा इस्वासच बसंना.

राहिलं मशीन. मोठं मशीन एसटीतनं न्यायचं कसं, आनि आटपाडीत लाइटचा भरवसा न्हाई, म्हनून लॅपटॉपच पायजे. आब्बांनी एक सोडून समद्या शेळ्या इकल्या. मी न्हाई म्हनत हुते, तर म्हनले, शेळ्या पुन्ना हुतील, सरांनी समद्यांदेखत तुला बोलल्याला शबुद मागं कसा फिरवायचा.

पुन्यात जुन्या लॅपटॉपचं दुकान हुतं, तितं आमी दोघं गेलो. दुकानदारानं पयला एक चकचकीत दाखवला, रंगीत पडदा, गानी वाजतात, म्हनला ताई ह्योच घ्या. आता लिनक्सचं कसं हाय, ती कुठल्याबी मशीनवर चालंलच असं न्हाई. पडद्याची चिप वळखीची पायजे. फोनला जोडायचा मोडेम कायकाय लॅपटॉपात असा असतोय की विंडोजशिवाय कुनाचं ऐकतच न्हाई, एका धन्याचं कुत्रं जसं. हे मी मासिकात वाचलं हुतं, समदं वहीत उतरून नेलं हुतं. सीडीवरनं लिनक्स चालू करायची एक फ्लॉपीबी करून नेली हुती. मी म्हनले, माझी फ्लॉपी घालून बघू द्या. दुकानदार न्हाईच म्हनतोय, तसं न्हाई करत आमी. मग आब्बा पुढं झाले. म्हनले, आवं, चालवून बघितल्याबिगर आमी शेळी घेत न्हाई, आनि ही तर शेळीपेक्षा म्हाग हाय.

चालवलं. त्या चकचकीताच्या पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. दुसरा घेतला, त्यो मधीच अडकला. मग कोपऱ्यात एक काळा, जाडजूड, कड फुटल्याला पडला हुता, दुकानदार म्हनला त्यो नका घेऊ, ताई, त्यो म्हातारा झालाय. आब्बांनी त्येच्या बटनांवरनं बोट फिरवलं, एक बटन न्हवतंच. म्हनले, एक दात पडलाय, पन अंगानं चांगली हाय, दूध देईल. मी फ्लॉपी घातली. जरा घरघरलं आनि अक्षरं पळाया लागली, वरनं खाली, वरनं खाली, आनि शेवटाला थांबून हुकमाची वाट बघत बसलं. मी तितंच ओढनीनं डोळं पुसलं.

फलटणला सर जीपमधनं मोठं मशीन घेऊन आले. मी गोधडीत गुंडाळल्याला लॅपटॉप पिशवीत घालून, आब्बा संगं. सर बघून हसले. त्यांनी तासभर शिकवलं, हातात पुस्तक घेऊन, त्येच पुस्तक. मग प्राचार्य म्हनले कुनाला शंका? मी उभी राहिले. म्हनले सर, तुमच्या पुस्तकात फाईलचं नाव सगळीकडं बांडी असं हाय, ह्ये बांडी म्हंजे काय?

सर जराबी थांबले न्हाईत. म्हनले, ते युनिक्सचं ठराविक नाव हाय, अमेरिकेतनं तसंच आलंय, बदलता येत न्हाई.

तर मागच्या बाकावरनं आब्बा उठले, टोपी नीट केली.

— अमेरिकेची न्हाई वो सायेब. बांडी आमची शेळी हाय. खरसुंडीच्या जत्रंतनं आनलीया मी तिला.

पोरं जी हसली. नोट्स लिवताना मी फाईलींना आमच्या शेळ्यांची नावं दिली हुती, बांडी, कबरी, लंगडी, कबरीला तवाच इकली हुती म्हनून पुसायच्या हुकमात तिचं नाव. सरांनी वाचलंच न्हवतं, तसंच छापलं. मी लॅपटॉप उघडला, तासभर शिकवलं, बांडी नाव बदलून प्राचार्यांचं नाव घालून दाखवलं, बदलतंय की न्हाई बघा. नोकरी मला लागली. सरांचं थोबाड बघून मला जो आनंद झाला तो खोटं कशाला सांगू, निकालापरास जादा झाला.

आता क्लासातली पोरं कमी झाली त्यांची, पोरांना लिनक्स पायजे. गेल्या म्हैन्यात त्यांचा मानूस आला, सीडीची कॉपी द्या म्हनून. मी हाकलनार हुते. आब्बा म्हनले, असं करू नगंस, गावाला सोडल्याला वळू असतोय, त्येला आपल्या दावनीला बांधता येत न्हाई, वैऱ्याच्या गाईलाबी न्हाई म्हनायचं नसतंय. मग मी निरोप धाडला, देते, पन सरांनी सोता यावं. आले, एसटीनं, भर उन्हात. पानी दिलं, खुर्ची दिली. सीडी देताना मी एक कागद पुढं केला, म्हनले लिवा, ही कुनाकडनं घेतली. बराच येळ पेन हातात धरून बसले. मग लिवलं, हसीना दस्तगीर शेख यांच्याकडून. त्यांच्याच अक्षरात, खाली सही. फ्रेम करून भिंतीला लावलाय, त्यो बघा.

जाताना दारात उभं राहून म्हनले, हसीना, झालं गेलं, आता माफ कर. अल्ला त्यांना चांगलं ठेवो, औक्ष देवो, मी वाईट चिंतत न्हाई. पन मी त्यांना सांगितलं, सर, लिनक्स फुकट हाय, माफी न्हाई.