हिरवं कुठंय?

...नाही पण मला सांगा, हरितक्रांती झाली तेव्हा गव्हाच्या पोळ्या काय हिरव्या झाल्या होत्या? नाही ना? मग हे आमच्या रावजी शेठना कोण सांगणार? तुम्हाला सांगतो, सातपूरच्या त्यांच्या कारखान्यातला एकुलता एक केमिस्ट मी, संघर्ष. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचं यंत्र केलंय मी, आणि तो शोषून घ्यायला त्यात ग्रीन सॉल्व्हंट. ग्रीन म्हणजे काय, तर विषारी नाही, एवढंच! दिसायला बिनरंगी, साखरेच्या पाकासारखं. शेठ ड्रममध्ये डोकावले. "संघर्ष, हिरवं कुठंय?"

समजावलं हो! चहा पाजून समजावलं. शेठनं सगळं ऐकून घेतलं, मिशी पुसली, आणि परत... हिरवं कुठंय?

त्यात मोठ्या कंपनीच्या तेजल मॅडम बघायला येणार. त्यांना पटलं तर यंत्र त्यांच्या चिमणीवर, नाही पटलं तर भंगारात, आणि मी परत प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा द्यायच्या टाक्या ढवळायला. पकडलेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधासारखी होते, तोच पुरावा. बघतो तर चुना संपलेला! पळालो पानटपरीवर, आणला, निवळी केली, तोवर मॅडम दारात.

सॉल्व्हंट तापवलं की वायू सुटतो. टाकी तापतेय... तापतेय... निवळी ढिम्म! मॅडम घड्याळ बघतायत, शेठ मला बघतायत, मी निवळीला. आणि मग एक बुडबुडा... दुसरा... निवळी पांढरीफटक! रडूच आलं हो मला.

मॅडम हसल्या, म्हणाल्या छान, आता सॉल्व्हंटचा नमुना द्या. मी ड्रमचा नळ सोडला... आणि बाटलीत हिरवंगार वाळ्याचं सरबत! शेठ मिशीत हसतायत. बर्फीत घालायचा हिरवा रंग, त्याची आख्खी बाटली ड्रममध्ये ओतलेली! मी चुना आणायला गेलो, तेवढ्यात शेठनं मलाच चुना लावला.

मॅडमचं हसू गेलं. "हे हिरवं का आहे?"

शेठ मिशी पुसायला लागले. मीच सांगितलं खरं ते. मॅडम म्हणाल्या, भेसळीवर मी सही करणार नाही, सोमवारी बिनरंगी दाखवा, नाहीतर विषय संपला.

त्या गेल्या. शेठ ड्रमपाशी उभे, तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं चला, कळलं एकदाचं. तर कानाशी येऊन हळूच विचारतात, "संघर्ष, बिनरंगी व्हायला यात काय टाकायचं?"

म्हटलं, बघतो शेठ.