गोळ्यांची उजळणी

लोहाऱ्याच्या एसटीत कंडक्टर बब्रुवान तिकिटं देता देता कान देऊन होता. रविवारी गौराआत्या त्याला पोरगी दाखवणार होत्या. आत्ता मात्र त्या शेजारी बसलेल्या, फार्मसी शिकणाऱ्या श्रीदेवीची उजळणी घेत होत्या. तिची आज तोंडी परीक्षा.

"मेटफॉर्मिन. साखर कमी करायला."

"इतकं ध्यानात कसं ऱ्हातंय गं?"

"आमच्या मेडिकल दुकानातनं कोण काय नेतंय, तसं ध्यानात धरते. मेटफॉर्मिन म्हंजे सरपंच."

"व्हय? माझ्याकडं तर चार पेढे हाणले! पुढं?"

"अ‍ॅम्लोडिपिन. बीपीची. तुमच्या विहीणबाई."

"तरीच लई भडकतीया. अन् केसाचं काय?"

"मिनॉक्सिडिल. टकलावर लावायचं. ते तर आपले—"

बब्रुवाननं स्टॉप नसताना घंटी मारली.

गौराआत्यांनी त्याच्या टोपीकडं निरखून बघितलं.

"झालं का गं पाठ?"

"झालं, आत्या."

"माझंबी झालं."