फ्लेक्सवरचं क्षेपणास्त्र

(देहूरोड. रिक्षाची हूडं आणि सीट कव्हरं शिवायचं दुकान. दुपार. रहमतबी मशीनवर, तिची मुलगी साबिया स्टुलावर. रहमतबीचा धाकटा भाऊ एहसान दारात उभा.)

एहसान: नाही आपा, मी शांत बिंत होणार नाही. फ्लेक्सवर माझ्या डोक्यामागून क्षेपणास्त्र उडतंय. खालून धूर निघतोय. आणि त्या धुरात अण्णासाहेबांचा फोटो.

रहमतबी: पुढारी हाय तो. तुला पुरस्कार मिळाला म्हणून सत्कार त्यानं ठेवलाय, मग त्याचा फोटू येणारच की.

साबिया: मामू, पण तुमचा फोटो मस्त आलाय. फ्लेक्सवाल्या ज्योतीरामनं पंधरा-वीस वर्षं तरी कमी केलीत.

एहसान: वय कमी करायला जमतं त्याला, मग एक ओळ नीट लिहायला काय धाड भरली होती? 'देहूरोडचे सुपुत्र, थोर क्षेपणास्त्र शास्त्रज्ञ डॉ. एहसान मुलाणी यांचा भव्य नागरी सत्कार.' अगं, मी आयुष्यात साधा फटाका उडवलेला नाही.

रहमतबी: उडवलास. शब-ए-बारातला. अब्बाच्या लेंग्यावर.

एहसान: विषय बदलू नकोस. मी ज्योतीरामला फोन केला. तो म्हणतो, सर, मी मनाचं कशाला लिहीन, हे तर आख्ख्या गावाला माहितीय. म्हटलं, कुणी सांगितलं गावाला? तर म्हणाला, तुमच्या आपांनीच.

रहमतबी: सांगितलं की. साबिया, ती कात्री दे इकडं.

एहसान: म्हणजे तू खरंच सांगितलंस? की मी क्षेपणास्त्रं करतो?

रहमतबी: आधी नुसतं सांगायची, भाऊ बेंगळुरात सरकारी हाय, गुप्त काम हाय. क्षेपणास्त्र मागनं आलं.

साबिया: आणि इथं ते लगेच खपलं, मामू. आपल्याकडं अर्ध्या घरांतली माणसं ऑर्डनन्स फॅक्टरीत नाहीतर लष्कराच्या डेपोत. गुप्त काम म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, उलट चहा पाजतात. मी शाळेत असताना तुमच्या नावावर किती भाव खाल्लाय.

एहसान: तू तरी खरं सांगायचंस. तू इंजिनिअर आहेस.

साबिया: कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मारुंजीत मी भाड्यानं राहते, तिथल्या घरमालकानं तुमच्याकडं बघून मला कव्हर्ड पार्किंग दिलंय. आता त्याला काय सांगू?

एहसान: छान. म्हणजे माझ्या क्षेपणास्त्राखाली तुझी स्कूटी उभी आहे. ते काही नाही. उद्या मी माईक हातात घेणार आणि सरळ सांगणार. मी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आहे. शस्त्रांशी माझा काडीचा संबंध नाही. मी इतकी वर्षं खडू, फळा आणि कागद यांच्यावर काढली. हे फ्लेक्सवरचं सगळं खोटं आहे.

साबिया: आणि अम्मी?

एहसान: अम्मीचं काय?

साबिया: ती पहिल्या रांगेत बसणार. मागं शेजारची शालनबाई, तिच्या मागं आख्खी गल्ली. तुम्ही म्हणणार खोटं आहे. आणि कुणी सांगितलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. परवा हिनं दुकान उघडून बसायचं कसं?

रहमतबी: बसंन की. मला काय धाड भरलीय.

साबिया: सकाळपासून तीच शिवण तिसऱ्यांदा उसवतीयेस, अम्मी. मी बघतीये.

एहसान: आपा, पण का? कुणी विचारलं तर सांगायचं, प्रोफेसर आहे.

रहमतबी: सांगायची की आधी. मग लोक इचारायची, कशाचा? मी म्हणायची, फिजिक्सचा. मग इचारायची, म्हंजी काय करतो? तितं माझं घोडं अडायचं. तुला इचारलं हुतं मी एकदा. तू ईदला आलतास. तू म्हणलास, आपा, ते तुला न्हाई समजायचं.

एहसान: मी असं म्हणालो?

रहमतबी: प्रेमानंच म्हणलास. बिर्याणी खाता खाता. मी बी मनाला लावून न्हाई घेतलं. पण लोकास्नी कायतरी सांगाय पायजे का नको? मग गुप्त काम काढलं.

एहसान: आणि क्षेपणास्त्र?

रहमतबी: ते ऱ्हाऊ दे.

एहसान: नाही, सांग.

रहमतबी: तू तवा परदेशात हुतास. त्या वर्षी समदीकडं वातावरण लई तापलं हुतं. दुकानासमोर रोज चार पोरं येऊन उभी राहायची. बोलायची काय न्हाईत. नुसती उभी. अब्बा अंथरुणाला खिळलेलं, ही पोटात, हिचा बाप ट्रक घेऊन नागपुराकडं. मला लई भ्या वाटायचं एहसान. मशीनवर बसले तरी टाका सरळ पडायचा न्हाई. मग एक दिवस उठले, भाईर गेले आन् म्हणलं, कुणाच्या दारात उभं हाय ठावं हाय का? माझा भाऊ देशासाठी क्षेपणास्त्रं करतो.

एहसान: आणि?

रहमतबी: गेली. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक आला, मोटारसायकलची सीट शिवायला. अजून येतो.

साबिया: कोण गं? हे मला पण नाही सांगितलंस कधी.

रहमतबी: ज्योतीराम. दुसरा कोण. म्हणून तर एवढं मोठं क्षेपणास्त्र काढलंय बिचाऱ्यानं.

एहसान: तू मला पत्रात एका शब्दानं कळवलं नाहीस.

रहमतबी: कळवून तू काय केलं असतंस? तितं बसून काळजी केली असतीस, आन् गणित चुकलं असतं.

एहसान: फ्लेक्स राहू दे. ऐकलंस? मी उद्या काही बोलत नाही. शाल घेतो, नारळ घेतो, खाली उतरतो. क्षेपणास्त्र तर क्षेपणास्त्र.

रहमतबी: न्हाई.

एहसान: आता तू नाही म्हणतेस?

रहमतबी: तवा भ्या हुतं म्हणून बोलले. आता कुणाचं भ्या हाय मला? तळेगावापासनं चाकणपर्यंतचे रिक्षावाले माझ्याकडं हूड शिवायला येत्यात. ते काय तुझं क्षेपणास्त्र बघून येत्यात? उद्या मीच सांगणार. खोटं माझं हाय, तर ते खोडायचं बी मीच. तू मधी पडायचं न्हाई. अण्णासायबाला म्हणावं, माईक आधी रहमतबीला द्या.

साबिया: अम्मी, तू स्टेजवर? तू भिशीत पण बोलत नाहीस.

रहमतबी: भिशीत बोलण्यासारखं काय असतंय? पण एक हाय. काय सांगू ते मला आधी समजलं पायजे. पाठ करून मी न्हाई बोलणार. एका खोट्याच्या जागी दुसरं न समजलेलं ठेवायचं, त्यात काय राम हाय? मला समजलं तर चढते. न्हाई समजलं तर उद्या मला ताप हाय म्हणून सांगा.

साबिया: मामू, परीक्षा आहे तुमची.

एहसान: मी जन्मभर शिकवलंय, साबिया. जपानात शिकवलंय. हे काही अवघड नाही. आपा, हे तुझं रेक्झिन बघ. समज, त्याचा एकेक टाका म्हणजे...

रहमतबी: थांब. शिलाई नको.

एहसान: का? तुला सोपं जाईल.

रहमतबी: जो तो दुकानात येतो आन् मला समदं शिलाईतनं समजावतो. बँकवाला तेच. डॉक्टर तेच, म्हणे रक्ताची नळी म्हंजी पायपिंग समजा. मला शिलाई येती, ती नको शिकवू. तुझं सांग.

एहसान: बरं. चुकलो. मग नीट सांगतो. ही शोकेसची काच बघ. घट्ट आहे ना?

रहमतबी: हाय.

एहसान: लोखंड घट्ट असतं, मिठाचा खडा घट्ट असतो. कारण त्यांचे अणू आत ओळीनं, शिस्तीत बसलेले असतात. पाण्यात तशी ओळ नसते, ते कसेही पडलेले असतात, म्हणून पाणी वाहतं. इथपर्यंत कळलं?

रहमतबी: कळलं. पुढं.

एहसान: काचेच्या आत बघितलं तर ओळ नाही. पाण्यासारखाच सगळा गोंधळ. तरी ती वाहत नाही. जागच्या जागी घट्ट. का?

रहमतबी: का?

एहसान: पूर्ण माहीत नाही.

रहमतबी: तुला न्हाई ठावं?

एहसान: मलाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. पुष्कळ जण पुष्कळ सांगतात, पण सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही.

रहमतबी: क्षेपणास्त्र करणारांना बी?

एहसान: त्यांनाही नाही.

साबिया: सिरियसली, मामू? मला वाटलं हे कधीच सुटलंय.

रहमतबी: काच घट्ट का हाय, एवढं साधं. आन् तू त्यातलं काय केलंस?

एहसान: वितळलेली काच थंड व्हायला लागली की आतला अणू अडकत जातो. त्याच्या चारी बाजूंना शेजारी. त्याला हलायचं तर शेजारी हलायला हवा. शेजाऱ्याला हलायचं तर त्याचा शेजारी.

साबिया: चाकणचा चौक. शिफ्ट सुटताना.

एहसान: अगदी तसंच.

रहमतबी: हे बरोबर कळलं. मी तितं रिक्षात अडकले हुते, रोजा सुटायची वेळ टळून गेली. पुढच्याचा दोष न्हाई, मागच्याचा न्हाई, आन् समदं ठप.

एहसान: आता त्यातला एक सुटायला किती जणांनी एकदम हलावं लागतं? ते गणितानं काढायचं, हे माझं काम. सुरुवातीला मी म्हणायचो, सगळ्यांनी. तरुणपण त्यात गेलं. माझी नोकरी त्यावर लागली, माझं नाव त्यावर झालं. मग फ्रान्समधल्या एका बाईनं प्रयोग करून मोजलं आणि माझं चुकीचं निघालं.

रहमतबी: किती?

एहसान: सगळंच.

रहमतबी: या अल्ला. मग?

एहसान: दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचे आकडे मांडून बसलो. बघता बघता मजाच वाटायला लागली. माझ्या गणितापेक्षा तिचे आकडे देखणे होते. सगळे एकदम हलत नव्हते, टोळीनं हलत होते. जितकी काच थंड, तितकी टोळी मोठी, तितकं हलणं अवघड. मग टोळी किती मोठी होते त्याचं नवं गणित केलं. त्याच बाईनं पुन्हा मोजलं. या वेळी बरोबर आलं. पुरस्कार मिळाला तो त्याचा.

रहमतबी: म्हंजी अर्धं सापडलं म्हण.

एहसान: अर्धं फार झालं. पाव.

रहमतबी: पाव. बरं, आन् उपयोग काय त्याचा? शालनबाई पहिलं हेच इचारणार.

एहसान: आज काही नाही. पुढं कुणाला झाला तर होईल.

रहमतबी: तुला वाईट न्हाई वाटत? एवढं डोकं घासलं, पाव सापडलं, उपयोग काय न्हाई.

एहसान: अजिबात नाही. मला आत्ता कुणी पुन्हा अठरा वर्षांचा केलं ना आपा, तर मी पुन्हा हेच करेन. सकाळी रिकाम्या फळ्यासमोर उभा राहिलो की मला जगात दुसरं काही नको असायचं.

रहमतबी: मग हे आधी नसतं का सांगितलंस? हे तर मला बिर्याणी खाता खाता बी समजलं असतं.

एहसान: चढणार ना मग स्टेजवर?

रहमतबी: चढते.

एहसान: पण तुझ्यानंतर मी बोलणार. तुझ्याबद्दल. ते तू अडवायचं नाहीस. तू माझ्यासाठी शाळा सोडून या मशीनवर बसलीस म्हणून मी शिकलो. मी प्रत्येक भाषणात सांगतो. जपानातसुद्धा सांगितलं.

रहमतबी: काय सांगितलंस?

एहसान: की माझ्या बहिणीनं त्याग केला.

रहमतबी: मी तुझ्यासाठी न्हाई सोडली शाळा.

एहसान: आपा, आता मोठेपणा नको.

रहमतबी: मोठेपणा कसला त्यात? मला शाळेचा वीट आला हुता. ते पाढं, ती बाकडी. अब्बा म्हणलं, दोघातल्या एकानं मशीनवर बसा. तू भोकाड पसरलंस. मी पळत जाऊन बसले, अब्बाचं मन बदलायच्या आत. पहिलं हूड शिवलं तवा तो रिक्षावाला स्टँडवर समद्यांना दाखवत फिरला. त्या दिशी मला बी जगात दुसरं काय नको हुतं.

साबिया: म्हणजे मामू, तुम्ही पण इतकी वर्षं खोटंच सांगत होता.

एहसान: मी रडायचो ते सांगताना. जपानी लोकही रडले होते.

रहमतबी: उगीच रडीवलंस त्यांना.

एहसान: तू मला कधी सांगितलं का नाहीस?

रहमतबी: तू कवा इचारलंस? त्याग केला म्हणून मोकळा झालास. मी म्हणलं, चार लोकांत बोलतोय चांगलं, बोलू दे.

साबिया: बरं झालं, फ्लेक्स एकाचाच आहे. त्याचं करायचं काय ते सांगा. अण्णासाहेबांना फोन करू?

रहमतबी: कशाला? उद्यापर्यंत ऱ्हाऊ दे. मी बोलले की ज्योतीरामच्या हातनंच उतरवू. त्याला मी समोर बसवणार हाय, त्यानं बी ऐकू दे. आन् कापड मला द्या म्हणावं. पावसाळ्यात हुडाला आतनं लावायला चांगलं.

एहसान: म्हणजे माझं क्षेपणास्त्र शेवटी रिक्षात जाणार.

रहमतबी: आता ऐक, म्हणून दाखवते. 'माझा भाऊ क्षेपणास्त्र करत न्हाई. मला भ्या वाटलं हुतं, तवा मी तसं सांगितलं. तो काच घट्ट का असती ते शोधतो. पाव सापडलंय. त्याला त्यातच आनंद हाय.' चुकलं का काय?

एहसान: 'पाव'च्या जागी 'थोडं' म्हण. माझे लोक भांडतील.

रहमतबी: भांडू दे. मी पावच म्हणणार. आता तुझं म्हण.

एहसान: माझं... 'माझ्या बहिणीनं माझ्यासाठी काहीही सोडलं नाही. तिला जे करायचं होतं, तेच तिनं केलं.'

रहमतबी: आन् चांगलं केलं म्हण. ते ऱ्हायलं.