बोटावरचं नाव

पाटोद्याच्या बसस्टँडवर अनिसा पेरू विकत बसली होती. तिच्या पाटीशेजारीच नबी टेलर आणि सुंदरबाई शिरूरच्या गाडीची वाट बघत बोलत होते.

"नबीभाई, माज्या मुक्या-बहिऱ्या शीलाला तीन महिने इंटर्नशिपला ठेवून घेतलं तुमी. लई उपकार झाले."

"उपकार कशाचे? पहिल्या दिवशी मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो, 'काजं कर!' तिनं पदरानं गुमान कान पुसला."

"अगं बया!"

"मग तिनंच आमाला खुणा शिकवल्या. कानामागं खडू खोचल्यागत केलं की ते माजं नाव. सगळं दुकान आता मला तसंच बोलावतं."

"अन् शीलाला?"

"असं बोटावर अंगुस्तान, शिवताना घालायची टोपी, चढवल्यागत करायचं. सुई टोचून घ्यायची ना लई."

"आमी एकोणीस वर्षं जमिनीवर पाय आपटतो, तवा बघती."

"ते नाव न्हाई, भाभी."

"दाखवा बरं पुन्ना."

गाडी लागली. नळावर बाटली भरायला गेलेली शीला मागं वळली. सुंदरबाईनं हात उंच करून रिकाम्या बोटावर अंगुस्तान चढवलं.

शीलानं आधी नबीभाईकडं पाहिलं. त्यांनी 'मी न्हाई' अशी मान हलवली आणि सुंदरबाईकडं बोट केलं.

त्यांच्याकडं बघणाऱ्या अनिसाच्या तराजूत पेरू तसेच राहिले.