शापित राजपुत्राचं स्थळ

अगं, सध्या आईच्या डोक्यात फक्त माझ्या लग्नाची स्थळं. परवा डोंबिवलीच्या घरी मी लोळत जादूवाली लव्हस्टोरी वाचत होते. मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "यातला मुलगा काय करतो?"

"राजपुत्र आहे. शापित."

"वय?"

"पाचशे वर्षं. पण दिसतो तिशीचा. पंखसुद्धा आहेत."

"घरी कोण कोण?"

"कोणी नाही गं. किल्ल्यात एकटाच राहतो."

"म्हणजे सासूची कटकट नाही," आई खूश. "किल्ला कुठेशी?"

"सात डोंगर, मग भुताचं जंगल, त्याच्याही पलीकडे. हिरॉइन बिचारी चालत जाते त्याच्याकडे."

आईने मेथी खाली ठेवली.

"चालत? आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडचा एवढा चांगला मुलगा तू तिथे ट्रॅफिक असतो म्हणून नाकारलास!"