मागच्या भिंतीतलं भोक

शेषराव : मार्तंड मिस्त्री, आधी मले हे सांगा, नव्या घराच्या मागच्या भिंतीले भोक कोणं पाडलं?

मार्तंड : मीच पाडलं, भाऊ. त्यातून नळीचा तुकडा जाईल, नळीतून तार. पलस्तर झाल्यावर पाडलं तर गवंडी माझ्या अंगावर येतो.

शेषराव : भिंतीपल्याड त आंगण हाय. कोंबड्यायले उजेड पाडता का?

मार्तंड : दिव्याची नाही, घंटीची तार.

शेषराव : घंटीचं बटण समोरच्या दारावर ठरलं होतं. एक. दिव्याचे नऊ पॉइंट, पॉइंटाले सात रुपये, ते म्या मान्य केलं. खामगावचा वायरमन साडेपाचात करत होता, तरी तुमाले बलावलं. आन् चिठ्ठीत खाली बारीक अक्षरात काय, तर 'घंटी, बटणं दोन, तार साठ हात, पट्टी वेगळी'. मले वाचता येत नाही असं वाटलं का?

मार्तंड : कागद संपत आला होता, भाऊ, म्हणून अक्षर बारीक.

शेषराव : मंग पट्टी वेगळी काऊन? दिव्याच्याच लाकडी पट्टीत ही तार दाबली का झालं.

मार्तंड : नाही जमत. घंटीची तार बारीक. दिव्याचा करंट तिच्यात उतरला, तर बटण दाबणाऱ्याला झटका बसेल. मेहकरात असं स्वस्तातलं काम पाहिलंय मी. म्हणून तिची वाट वेगळी.

शेषराव : पण दाबणार कोण? आंगणात एकच खोली हाय, बनाबाई वहिनीची. खरं सांगा, तिचा भाऊ भेटला ना तुमाले? हिवरा आश्रमाहून दर पंधरा दिवसांनी चक्कर असते त्याची.

मार्तंड : मी कोणाच्या भावाला ओळखत नाही. घरातूनच सांगितलं.

वच्छलाबाई : त्यायले काऊन दटावता? म्या सांगतलं.

शेषराव : तू? मले न इचारता?

वच्छलाबाई : इचारलं असतं त भोक पडलं असतं का?

शेषराव : तुले काही समजते? दादा गेल्यावर हे घर म्या माह्या एकट्याच्या नावानं बांधून राह्यलो. वहिनीची खोली जुन्या जागेत, वेगळी. उद्या तिचा भाऊ चार माणसं घेऊन येईल. म्हणील, पाहा, याच्या घरातली तार तिच्या खोलीत, मंग दोन घरं कशे? काढा हिस्सा. म्हणून त तिकडं दिवा नाही दिला मी.

मार्तंड : भाऊ, ही तार मीटरला जोडतच नाही. टॉर्चचे तीन सेल टाकायचे, त्यावर वाजते.

शेषराव : तुमी वायरमन का वकील? आन् सेल काय फुकट येतात? माह्या रेडिओचे महिनाभर चालत नाहीत.

वच्छलाबाई : हाव, नाहीच चालत. संक्रांतीच्या आधी उतरले, त आठ दिवस रेडिओ मुका होता. नवे सेल म्याच आणले, जानेफळच्या बाजारातून.

शेषराव : मंग?

वच्छलाबाई : जाऊबाई न्हाणीत घसरल्या, तो दिवस त्या आठातलाच. सकाळपासून दुपारलोक वल्या फरशीवर पडून होत्या. आजूक काठीशिवाय उठता येत नाही त्यायले. मी तुरीच्या वावरात होती, घरी तुमी एकटे. तुमी सर्वायले सांगतलं, रेडिओ जोरात होता, हाक आयकू आली नाही.

(शेषराव चिठ्ठीची घडी घालतात, उघडतात, पुन्हा घालतात.)

शेषराव : परक्या माणसासमोर बोलाची गोष्ट हाय का ही?

वच्छलाबाई : एकट्यात बोलली असती त तुमी दुसरं काही सांगतलं असतं.

शेषराव : वहिनी काय म्हणते?

वच्छलाबाई : त्या म्हणतात, माहाच आवाज बारीक झाला वो आता.

मार्तंड : भाऊ, गवंडी बाहेर माल कालवतोय. भोकात नळी टाकू का बुजवू? पलस्तर झाल्यावर मी पुन्हा भिंत फोडणार नाही.

शेषराव : टाका... घंटी कुठं लावता?

मार्तंड : बाईंनी स्वयंपाकघर सांगितलंय.

शेषराव : ही दिवसभर वावरात. तिथं आयकाले कोण राह्यते? बैठकीत लावा. माह्या खाटेच्या वर.

मार्तंड : तिथं फार जोरात वाजेल, भाऊ.

शेषराव : वाजू द्या. त्या गवंड्याले बलावतो मी.

वच्छलाबाई : मिस्त्री, तुमी नळी टाका. पलस्तर होयेलोक मी इथंच बसून राहीन.